सायबर विश्लेषकाला तपास यंत्रणेच्या सावलीतून बाहेर काढा

जालना विधानसभा मतदारसंघातून २०१४ साली अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांनी त्या निकालाला न्यायालयात आव्हान दिले. वाद वेळेचा होता. २७ सप्टेंबरला दुपारी तीन वाजता उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली, त्यानंतरही खोतकरांचा अर्ज स्वीकारला गेला की नाही? निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कॅमेरे लावलेले होते, चित्रीकरण झालेले होते, त्याच्या सीडीही गोरंट्याल यांच्या हाती आल्या. हाती आले नाही ते एक प्रमाणपत्र. मूळ यंत्रातून ही नक्कल कशी काढली, ते यंत्र नीट चालत होते का, हे जबाबदार व्यक्तीच्या सहीने सांगणारा कागद. वारंवार मागूनही तो मिळाला नाही. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळे केले, त्याच्याकडून अशक्याची अपेक्षा कायदा करत नाही. खोतकरांची निवड रद्द करणारा औरंगाबाद खंडपीठाचा निकाल कायम राहिला.

या एका मुद्द्यावर देशातला कायदा पंधरा वर्षे हेलकावे खात होता. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात, २००५ साली, प्रमाणपत्राशिवायही चालेल असे ठरले. २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या खटल्यात ते सक्तीचे झाले, २०१८ मध्ये पुन्हा सैल झाले आणि २०२० मध्ये जालन्याच्या प्रकरणात परत घट्ट झाले. या काळात किती सीडी, किती कॉल रेकॉर्ड आणि किती सीसीटीव्ही चित्रफिती एका सहीवाचून न्यायालयाच्या उंबरठ्यावर अडखळल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ सोबत प्रमाणपत्राचा छापील नमुनाच आला. नमुन्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग यंत्र किंवा नोंद ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या नोंदीची अंक-अक्षरांतली ओळख, लिहायची आणि ती कोणत्या पद्धतीने काढली तेही नमूद करायचे. हा तज्ज्ञ नेमका कोण, त्याची पात्रता काय, हे मात्र त्या कलमात पुरेसे उलगडलेले नाही. देशातल्या फौजदारी खटल्यांचा मोठा हिस्सा यापुढे ज्याच्या सहीवर उभा राहणार, त्या माणसाकडे सरकारने आणि समाजानेही अजून नीट पाहिलेले नाही.

महाराष्ट्रात हा माणूस बहुधा न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत बसतो. मुंबईत कलिन्याला मुख्यालय, शिवाय नागपूर, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नांदेड, कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा. भरतीच्या जाहिरातीत त्याचे पद ‘वैज्ञानिक सहायक (सायबर गुन्हे, ध्वनिफीत व ध्वनी विश्लेषण)’ असे छापलेले असते. पोलीस ठाण्यात मात्र प्रयोगशाळेच्या कुठल्याही अहवालाला अजून ‘सीए रिपोर्ट’च म्हणतात. रासायनिक विश्लेषकाचा तो जुना काळ, जेव्हा व्हिसेरा, रक्ताचे डाग आणि गावठी दारूचे नमुने एवढाच प्रयोगशाळेचा व्याप होता. आता लाखेच्या सिलाखाली मोबाइल येतात, लॅपटॉप येतात, दुकानातल्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर येतो.

विश्लेषकाचे पहिले काम शोध घेण्याचे नसते, जपण्याचे असते. हार्ड डिस्क सरळ संगणकाला जोडली तर ऑपरेटिंग सिस्टीम आपण होऊन तिच्यावर काही ना काही लिहिते. म्हणून मध्ये राइट ब्लॉकर लावायचा, म्हणजे वाचता येते पण लिहिता येत नाही. मग डिस्कची बिट अन् बिट नक्कल, म्हणजे इमेज, काढायची. मूळ डिस्कची आणि नकलेची हॅश व्हॅल्यू काढून दोन्ही जुळतात का ते पाहायचे. एसएचए-२५६ पद्धतीने काढलेली हॅश म्हणजे ६४ अंक-अक्षरांची एक ओळ. डिस्कवरच्या हजारो फायलींपैकी एका पत्रातला एक स्वल्पविराम बदलला तरी ती सगळी ओळ पालटते. हॅश जुळली की मूळ डिस्क पुन्हा सिलबंद होते आणि पुढचे सगळे काम नकलेवर चालते.

मोबाइलचे गणित याहून अवघड आहे. फोनमधला मजकूर काढायचा तर फोन चालू ठेवावा लागतो, अनेकदा त्यात छोटे सॉफ्टवेअर घालावे लागते, म्हणजे पुराव्याला जराही स्पर्श न करता काम होतच नाही. मग काय केले, कधी केले, कशासाठी केले, याची मिनिटामिनिटाची नोंद ठेवणे हाच उपाय उरतो. त्यातही निम्मा निकाल प्रयोगशाळेच्या दारात येण्याआधीच लागलेला असतो. आजचे फोन आतला मजकूर सांकेतिक स्वरूपात साठवतात. चालू फोन बंद केला की तो उलगडण्याच्या किल्ल्या तात्पुरत्या मेमरीतून पुसल्या जातात. चालू ठेवून नेटवर्कवर राहू दिला तर मालक दूर बसून तो कोरा करू शकतो. योग्य वाट म्हणजे लहरी अडवणाऱ्या फॅरडे पिशवीत तो चालू स्थितीत ठेवून लगेच पाठवणे. पंचनाम्याच्या वेळी रात्री अकरा वाजता फोन हातात घेणाऱ्या हवालदाराला हे कोणी शिकवले आहे का, यावर सहा महिन्यांनी कलिन्यात बसलेल्या विश्लेषकाला काय सापडेल हे ठरते.

आणि वेळेचा घोळ. विंडोजची एनटीएफएस पद्धत फायलींच्या वेळा जागतिक वेळेत साठवते. पेन ड्राइव्हमधली जुनी फॅट पद्धत स्थानिक वेळेत. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. हे भान सुटले तर रात्री साडेआठला उघडलेली फाइल अहवालात दुपारी तीनला उघडलेली दिसते, आणि तीन वाजता आरोपी कुठे होता यावर खटला फिरतो. डीव्हीआरचे घड्याळ तर बहुतेक ठिकाणी कोणी लावलेलेच नसते. ते खऱ्या वेळेपेक्षा किती मागे-पुढे आहे हे जप्तीच्या क्षणी लिहून घेतले नाही, तर नंतर ते शोधणे फार कठीण जाते.

या कामाचा आवाका कळायला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील दरोड्याकडे पाहावे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून व्हिसा कार्डांच्या सुमारे बारा हजार व्यवहारांनी ७८ कोटी रुपये काढले गेले, देशात रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी, आणि १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. तिजोरीला कोणी हात लावला नाही. एटीएमकडून येणारी ‘पैसे देऊ का?’ ही विचारणा बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीपर्यंत पोहोचण्याआधीच मालवेअरने अडवली आणि परस्पर होकार दिला. बँकेच्या खात्यांत त्यामुळे काही हललेलेच दिसले नाही. कोल्हापूरपर्यंत पसरलेले पैसे काढणारे हस्तक सीसीटीव्ही आणि फोनच्या नोंदींतून सापडले, एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. मागची टोळी परदेशातच राहिली. पण ते अकरा जण दोषी ठरले ते सर्व्हरच्या नोंदी, कार्डांचे तपशील आणि कॅमेऱ्यातल्या वेळा एकमेकांशी जुळवून ठेवल्या गेल्या म्हणून.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला तेव्हा पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, रुग्णांची नोंदणी आठवडा-दोन आठवडे कागदावर आली. अशा वेळी विश्लेषक विलक्षण कोंडीत सापडतो. बाहेर रुग्णांची रांग आहे, प्रशासनाला यंत्रणा तातडीने सुरू करायची आहे, आणि यंत्रणा नव्याने बसवली की हल्लेखोराच्या पाऊलखुणा पुसल्या जातात. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक केले, ते याच कारणाने. ज्या कार्यालयाने नोंदीच ठेवल्या नाहीत, तिथे पोहोचलेल्या विश्लेषकाला वाचण्यासारखे काही उरत नाही. राज्यातल्या किती नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि सरकारी रुग्णालये या नोंदी खरोखर ठेवतात, हे एकदा सार्वजनिकरीत्या तपासले गेले पाहिजे.

इथपर्यंत कोणाचा मतभेद होणार नाही. खरा प्रश्न पुढे आहे: हा विश्लेषक कोणाचा माणूस?

नीना सुंदे आणि इटिएल ड्रोर या संशोधकांनी २०२१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ देशांतल्या ५३ डिजिटल फॉरेन्सिक तज्ज्ञांना एकच पुरावा तपासायला दिला, फक्त प्रकरणाची पार्श्वभूमी वेगवेगळी सांगितली. काहींना संशयित दोषी असावा असे सुचवले, काहींना तो निर्दोष असावा असे. निर्दोष असल्याचा इशारा मिळालेल्यांना त्याच पुराव्यात कमी खुणा दिसल्या. शिवाय सारखीच पार्श्वभूमी मिळालेल्या तज्ज्ञांचेही आपापसात एकमत नव्हते. हे प्रशिक्षित, प्रामाणिक लोक होते. संगणक खोटे बोलत नाही असे आपण सहज म्हणतो, पण त्यातले काय महत्त्वाचे आणि त्याचा अर्थ काय, हे माणूसच ठरवतो, आणि माणसाच्या कानावर आधी काय पडले आहे याचा त्यावर परिणाम होतो.

साधनेही चुकतात. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये केसी अँथनी हिच्यावर मुलीच्या खुनाचा खटला चालला तेव्हा घरच्या संगणकावर क्लोरोफॉर्मबद्दलचे एक पान ८४ वेळा पाहिले गेल्याची साक्ष ज्यूरीपुढे झाली. नंतर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाच स्वतःच्या साधनातली चूक आढळली. ते पान एकदाच पाहिलेले होते. तिची निर्दोष मुक्तता झाली, पण निकाल उलट लागला असता तर ८४ हा आकडा कोणाच्या खाती गेला असता? एका साधनाने दिलेले उत्तर दुसऱ्या, वेगळ्या साधनाने पडताळून पाहायचे ही या शास्त्रातली पहिल्या धड्याची गोष्ट आहे. ज्याच्या टेबलावर शेकडो फोन साचले आहेत, त्याला ती पाळणे किती जड जात असेल हे उघड आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर भीमा-कोरेगाव प्रकरणाला बगल देऊन हा विषय पुरा होऊच शकत नाही. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये दिल्लीतल्या एका आरोपीचा लॅपटॉप जप्त केला, त्यातली पत्रे दोषारोपपत्राचा कणा झाली. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने त्या लॅपटॉपची प्रत तपासली. तिच्या २०२१ च्या अहवालानुसार नेटवायर नावाच्या मालवेअरमधून कोणीतरी २२ महिने त्या लॅपटॉपमध्ये वावरत होते आणि ती पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली. राष्ट्रीय तपास संस्थेने हा निष्कर्ष फेटाळला. अधिकृत प्रयोगशाळेच्या तपासणीत मालवेअरचा पुरावा मिळाला नाही, असे तिचे म्हणणे आहे. खरे काय, ते खटल्यात साक्षी-उलटतपासणीतून ठरायचे. पण माणसे तुरुंगात वर्षानुवर्षे बसलेली असताना दोन तज्ज्ञांच्या निष्कर्षांत इतके टोकाचे अंतर असावे, आणि तटस्थपणे तिसऱ्यांदा तपासून सांगेल अशी सर्वांना मान्य असलेली यंत्रणा आपल्याकडे नसावी, ही गोष्ट कुठल्याही राजकीय बाजूच्या नागरिकाला अस्वस्थ करणारी आहे.

केरळमधले उदाहरण वेगळ्या अंगाने बोलके आहे. अभिनेत्रीवरील अत्याचाराच्या २०१७ च्या प्रकरणातले मेमरी कार्ड न्यायालयाच्याच ताब्यात होते आणि तिथेच त्याची हॅश व्हॅल्यू बदललेली आढळली. म्हणजे कोणीतरी ते उघडले होते. पीडितेने दाद मागितल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने चौकशीचा आदेश दिला. हॅश लिहून ठेवलेली होती म्हणून निदान घडलेले उघडकीला तरी आले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ च्या अहवालात न्यायवैद्यक प्रयोगशाळा पोलिसांच्या आणि सरकारी वकिलांच्या प्रशासकीय ताब्यातून काढाव्यात अशी शिफारस केली. ह्यूस्टन शहराने २०१४ मध्ये ते करून दाखवले. पोलीस दलाच्या प्रयोगशाळेच्या जागी स्वतंत्र संस्था उभी राहिली. महाराष्ट्रात प्रयोगशाळांचे संचालनालय गृह विभागाखाली आहे, म्हणजे ज्या विभागाखाली पोलीस, त्याच विभागाखाली पोलिसांच्या पुराव्याची पारख करणारे. कोणाच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. पण नेमणूक, बदली, बढती आणि यंत्रसामग्रीचा पैसा एकाच दारातून येत असेल, तर ‘काहीही सापडले नाही’ असा अहवाल लिहिणाऱ्याचा हात मोकळा राहावा याची व्यवस्था आपणच करून द्यायला हवी. हे संचालनालय विधी व न्याय विभागाकडे किंवा विधिमंडळाच्या कायद्याने उभ्या केलेल्या स्वायत्त मंडळाकडे सोपवावे.

यावर पोलीस अधिकाऱ्यांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो पोकळ नाही. अपहरणात मुलीचा फोन हातात आला तर स्वायत्त मंडळाच्या रांगेत उभे राहायला वेळ नसतो. ऑनलाइन फसवणुकीत १९३० या मदत क्रमांकावर तक्रार आल्यापासून पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीचे मोजके तास हाती असतात. ते खरेच आहे. म्हणून ठाण्याच्या पातळीवरचे तातडीचे वाचन पोलिसांच्या प्रशिक्षित पथकाने करावे, इमेज आणि हॅश आधी घेऊन. न्यायालयात मत म्हणून जे जाणार ते मात्र स्वतंत्र प्रयोगशाळेचेच असावे. तपासाची दिशा शोधणे आणि न्यायालयाला मत देणे ही दोन कामे निराळी आहेत. ती एकाच खुर्चीत बसवली की सुंदे-ड्रोर यांनी मोजलेला दोष प्रत्येक अहवालात उतरण्याची वाट खुली होते.

कामाचा भार तर वाढतच जाणार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक होणार आहे, आणि ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. कलम १०५ नुसार प्रत्येक झडती-जप्तीचे चित्रीकरण करायचे आहे, म्हणजे प्रत्येक पंचनामा आता स्वतःच एक डिजिटल पुरावा निर्माण करतो. केंद्राने जून २०२४ मध्ये २,२५४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, त्यातून राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची नवी संकुले आणि केंद्रीय प्रयोगशाळा उभ्या राहतील. विद्यापीठाचे संकुल गोव्यात फोंड्याला आधीच आहे. इमारती होतील, पदवीधरही बाहेर पडतील. पण हिंजवडीतली कंपनी त्याच कौशल्याला जास्त मोबदला देत असताना सरकारी प्रयोगशाळेत ‘सहायक’ म्हणून आलेला तरुण दहा वर्षांनी कोणत्या पदावर असेल, याचे उत्तर सेवाप्रवेश नियमांत असावे लागते. कंत्राटी तज्ज्ञ तर खटला उभा राहतो तेव्हा बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो, आणि उलटतपासणीला ज्याने तपासले त्यालाच उभे राहावे लागते.

या नोकरीची आणखी एक किंमत आहे, ती कोणी बोलून दाखवत नाही. अमेरिकेतल्या बेपत्ता मुलांच्या राष्ट्रीय केंद्राशी २०१९ मध्ये करार झाल्यापासून बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींबद्दलची माहिती भारतीय यंत्रणांकडे नियमित येते. त्या चित्रफिती कोणीतरी पाहाव्याच लागतात, मूल कोण, खोली कुठली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत कुठल्या गावचे नाव आहे हे शोधण्यासाठी पुन्हा पुन्हा पाहाव्या लागतात. हे काम करणाऱ्यांना ठरावीक काळाने दुसरे काम आणि समुपदेशन मिळणे हा त्यांचा हक्क आहे. त्याला सवलत म्हणू नये.

फोन जप्त होतो तेव्हा त्यात गुन्ह्यापलीकडचे सारे आयुष्यही असते: आजारपणाचे कागद, बायको-नवऱ्याचे बोलणे, पत्रकाराचे स्रोत, वकिलाशी झालेला संवाद. जप्तीसाठी मार्गदर्शक सूचना हव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारला बजावले. विश्लेषकाला काय शोधायचे ते लेखी आणि नेमके सांगितले गेले, तर प्रकरणाबाहेरच्या मजकुराला हात न लावण्याचा आधार त्यालाही मिळेल. आज अनेकदा ‘सर्व माहिती काढून द्यावी’ एवढ्या एका ओळीच्या पत्रासोबत फोन येतो.

विभागांची फेररचना व्हायला वर्षे लागतील. तोवर एक गोष्ट लगेच करता येते. जप्तीच्या वेळी, शक्य असेल तिथे पंचांसमोरच, इमेज काढून तिची हॅश व्हॅल्यू पंचनाम्यात लिहावी आणि त्या पानाची प्रत ज्याचा फोन किंवा संगणक घेतला त्याच्या हातात द्यावी. जागेवर शक्य नसेल तर प्रयोगशाळेत सील उघडताना त्याला किंवा त्याच्या वकिलाला बोलवावे. पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असलेली प्रकरणे वगळता आरोपीला नक्कल मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या त्याच प्रकरणात २०१९ साली सांगितलेलेच आहे. यासाठी कुठला कायदा बदलावा लागत नाही. गृह विभागाचे एक परिपत्रक आणि प्रत्येक पोलीस ठाण्याला इमेज काढणारा एक संच पुरेसा आहे. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एखाद्या आमदाराने हा प्रश्न लावून धरावा, आणि गृहमंत्र्यांनी सभागृहात त्याचे उत्तर तारखेसह द्यावे.